जुनी डिझेल पिकअप घ्यावी की घेऊ नये?

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात कृषी विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेले भाषण)



टोमॅटोचा तोडा सुरू झाला, चाळीतला कांदा बाहेर काढायची वेळ आली, की पारावर एक विषय हमखास निघतो. "भाड्याच्या टेम्पोला किती दिवस पैसे घालायचे? एखादी जुनी पिकअपच घेऊन टाकू." विचार वाईट नाही. गाडी दारात असली तर माल आपल्या वेळेवर निघतो, कुणाच्या पाया पडावं लागत नाही. पण जुनी गाडी घेणं हे बैल घेण्यासारखंच आहे. नुसता रंग बघून बैल घेत नाहीत. दात बघतात, चालवून बघतात, आणि आपल्याकडे त्याला काम किती आहे तेही बघतात.

आधी घरचीच गोष्ट सांगतो. आमचे गाव निफाड तालुक्यात. २०१९ साली माझ्या थोरल्या भावाने जुनी पिकअप घ्यायचे ठरवले. किंमत दोन लाख ऐंशी हजार. त्यासाठी वहिनींचे दागिने गहाण पडले. गाडी बघायला मी बरोबर गेलो होतो. मीटरवर आकडा होता पंच्याऐंशी हजार किलोमीटर. मी म्हटलं, "अण्णा, गाडी फार चाललेली नाही, घ्या." आम्ही गेलो तेव्हा इंजिन गरम होते, विकणाऱ्याने गाडी आधीच चालू करून ठेवली होती. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

तिसऱ्या आठवड्यात साठ क्रेट टोमॅटो घेऊन अण्णा पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला निघाले. वाटेत पाणी उकळले, हेड गास्केट गेले. दुसरा टेम्पो मिळेपर्यंत दुपार टळली, लिलाव उरकत आला होता, पडेल त्या भावात माल द्यावा लागला. पुढे इंजिनच्या कामाला अडुसष्ट हजार लागले. दागिने सोडवायला दोन हंगाम गेले. मिस्त्रीने इंजिन खोलल्यावर सांगितले, "हा आकडा खरा नाही. गाडी दोन लाखांच्या पुढे चाललेली आहे." त्या दिवसापासून या विषयावर मी मीटर बघून सल्ला देत नाही.

पहिले काम : खेपा मोजा

गाडी बघायला जाण्याआधी घरी कागद-पेन्सिल घेऊन बसा. गेल्या वर्षी भाड्याच्या किती खेपा झाल्या ते मांडा. मी एक उदाहरण देतो, आकडे तुम्ही तुमच्या गावचे घाला.

समजा मार्केट पंचवीस किलोमीटरवर आहे आणि एका खेपेचे भाडे १,५०० रुपये पडते. आपली गाडी लिटरला बारा किलोमीटर देत असेल आणि डिझेल ९० रुपये धरले, तर जाऊन-येऊन पन्नास किलोमीटरला ३७५ रुपयांचे डिझेल लागते. म्हणजे एका खेपेमागे १,१२५ रुपये वाचले. गाडी घरचाच माणूस चालवणार असे धरले आहे.

आता वर्षाचा खर्च बघा. विमा, पासिंग, कर, पीयूसी मिळून ३०,०००. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी २५,०००. अचानक निघणाऱ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे ४०,०००. तीन लाखांवर बारा टक्क्यांनी व्याज ३६,०००. आणि दरवर्षी गाडीची किंमत उतरते ती ३०,०००. एकूण १,६१,०००. गाडी नुसती दारात उभी राहिली तरी यातला बराचसा खर्च चुकत नाही.

म्हणजे हा खर्च भरून निघायला वर्षाला १४४ खेपा व्हायला हव्यात. तुमच्या साठच खेपा असतील, तर वाचतील ६७,५०० आणि पदरचे जातील ९३,५००. अशा माणसाने भाड्याचाच टेम्पो धरावा, त्यात कमीपणा नाही. साठ तुमच्या आणि ऐंशी-नव्वद शेजाऱ्यांच्या खेपा मिळणार असतील, किंवा दोघे-तिघे भाऊ मिळून गाडी घेत असतील, तर विचार करावा. पण शेजाऱ्याने "हो, तुझीच गाडी लावीन" म्हटले म्हणून खेप धरू नका. गेल्या हंगामात त्याने खरोखर किती खेपा भाड्याने केल्या ते विचारा.

दुसरे काम : गाडी थंड असताना बघा

मीटरचा आकडा फिरवता येतो हे ध्यानात ठेवा. क्लच-ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झाले असेल, स्टेअरिंग चकाकत असेल, सीट बसली असेल आणि मीटर साठ हजार दाखवत असेल, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. सर्व्हिसिंगची पावती-पुस्तके मागा. दुसरी गोष्ट, आकडा मोठा म्हणजे गाडी वाईट असेही नाही. महामार्गावर एकसारखी चाललेली, वेळेवर ऑइल बदललेली दोन लाखांची गाडी ही शेतातल्या चिखलात दुप्पट माल ओढलेल्या ऐंशी हजारांच्या गाडीपेक्षा चांगली निघू शकते.

मालकाला आधी सांगा, "मी सकाळी येतो, गाडी चालू करू नका." गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागले तर परत फिरा, दुसऱ्या दिवशी या. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या. त्याची दिवसाची मजुरी गेली तरी चालेल. मग हे बघा :

१. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर गाडी सोडा. गरम इंजिनचे झाकण मात्र कधीही उघडू नका, तोंड भाजेल.

२. ऑइलची पट्टी काढून बघा. डिझेल इंजिनचे ऑइल काळे असतेच, त्याला घाबरू नका. पण ते दुधाळ, चहासारखे दिसले तर त्यात पाणी गेले आहे.

३. गाडी चालू करून धूर बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. जोर दिल्यावर भरपूर काळा धूर म्हणजे इंजेक्टर, पंप किंवा एअर फिल्टरचे दुखणे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर तेही लक्षण बरे नाही.

४. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण उघडा. थोडी वाफ चालेल. धूर भकाभका बाहेर येत असेल तर इंजिन कामाला आलेले आहे असे समजा.

५. गाडी सपाट जागी उभी करा, समोर माणूस ठेवू नका. हातब्रेक ओढून तिसरा गिअर टाका आणि थोडा जोर देऊन क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडले तर क्लच धरतो आहे. नुसते फिरत राहिले तर क्लच प्लेट संपली.

६. गाडीखाली वाकून बघा. कमानीचे पाटे तुटलेत का? जादा पाटे घातलेत का? घातले असतील तर गाडीने जादा वजन ओढले आहे. पाटे जिथे चेसीला बसतात तिथे चीर किंवा वेल्डिंग दिसले तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका.

७. शेवटी हौद्यात माल भरून निदान वीस किलोमीटर चालवा, त्यात एखादा चढ येऊ द्या. काटा किती चढतो, गिअर करकरतो का, मागचा डिफरन्शियल आवाज करतो का, ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे रिकाम्या गाडीत कळत नाही.

एप्रिल २०२० पासून विक्रीला आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांविषयी एक सूचना. यांत धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते. लांबच्या फेरीत ती तापते आणि अडकलेली काजळी जळून जाते. रोज दोन-चार किलोमीटर वस्ती ते शेत एवढेच चालवले तर ती चोंदते, आणि बदलायची झाली तर खर्च मोठा आहे. डॅशबोर्डवर तिचा दिवा पेटलेला राहतो का ते बघा.

तिसरे काम : कागद बघा

पैसे देण्याआधी आरसी बुकावरचा चेसी नंबर व इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून बघा. आरसीवर बँकेच्या कर्जाची नोंद असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय व्यवहार करू नका. नाहीतर कर्ज त्याचे आणि गाडी ओढून नेली जाईल तुमची. थकलेले चलन आणि कर यांची चौकशी करा. पासिंग, म्हणजे फिटनेस, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावे लागते. म्हणून गाडीचे वय बघूनच किंमत करा.

फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घ्या. नाव बदलण्याचा अर्ज घेणाऱ्याने तीस दिवसांत आणि विमा आपल्या नावे करण्याचा अर्ज चौदा दिवसांत करावा. नुसत्या स्टँप पेपरवर गाडी चालवत राहू नका. हलके वाहन चालवण्याच्या परवान्यावर एकूण ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. मात्र हौद्यात मजूर किंवा वऱ्हाड बसवू नका. जिवाला धोका आहेच, शिवाय अशा अपघातात विम्याचे संरक्षण मिळत नाही आणि भरपाई मालकाच्या शेतीवर येते.

आता अण्णांचे पुढे काय झाले ते सांगतो. ती गाडी त्यांनी तोट्यात विकली आणि दोन वर्षे भाड्याचा टेम्पो धरला. त्या दोन वर्षांत वहिनींनी प्रत्येक खेप वहीत लिहिली. २०२२ मध्ये शेजारच्या दोन घरांच्या धरून खेपा दीडशेवर गेल्या, तेव्हा दुसरी पिकअप घेतली. मीटरवर दोन लाख दहा हजार होते. पण ती नाशिक-धुळे रस्त्यावर रोज एकच फेरी करणारी, सगळ्या पावत्या असलेली, थंड इंजिनावर तपासलेली होती. ती आजही चालते आहे. दुरुस्तीचे चाळीस हजार वहिनी दरवर्षी बँकेत वेगळे ठेवतात, त्याला कुणी हात लावत नाही.

तेव्हा मंडळी, क्रम लक्षात ठेवा. आधी खेपा मोजा, मग थंड इंजिन तपासा, मग कागद बघा, आणि दुरुस्तीचे पैसे हाताशी ठेवूनच सौदा करा. सगळी पुंजी गाडीच्या किमतीतच संपत असेल, तर ती गाडी तुम्हाला महाग आहे, मग ती कितीही स्वस्त मिळो. "उद्या दुसरा गिऱ्हाईक येणार आहे" असे म्हणणाऱ्याला खुशाल म्हणा, "येऊ द्या." गाड्या पुष्कळ मिळतात. तोड्याला आलेला माल मात्र थांबत नाही.