कापसाच्या हंगामातला नाताळ



ख्रिस्ती गृहिणीच्या नित्याच्या संसारावर मी चार शब्द बोलावेत, अशी मला सूचना झाली आहे. मी काही या विषयाची अभ्यासक नव्हे. चूल, सुई आणि जेवणाची पंगत एवढाच माझा अधिकार. माझा जन्म वसईचा आणि संसार आदिलाबादचा, तेव्हा जे सांगायचे ते या दोन गावांमधलेच असणार, हे आपण समजून घ्यावे.

वसईच्या कॅथलिक घराविषयी बाहेरच्या माणसाच्या मनात एक चमत्कारिक चित्र असते. आम्ही घरात इंग्रजी बोलतो, काट्या-चमच्याने जेवतो, आणि आमच्या स्वयंपाकघरात रोज केक भाजला जातो, असे पुष्कळांना वाटते. खरे पाहता आमच्या घरात सामवेदी बोली, ताटात तांदळाची भाकर आणि मासळी, अंगणात केळी आणि पानवेली. माझी आजी लाल लुगडे नेसून देवळात जाई. पोर्तुगीज वसईत 1534 साली आले आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी त्यांना घालविले. त्या दोनशे वर्षांत त्यांनी धर्म दिला तसे पुष्कळसे स्वयंपाकघरही दिले, परंतु भाषा काही त्यांना घेता आली नाही. उलट त्यांचेच शब्द आमच्या, आणि आपल्या सर्वांच्याच, घरात राहून गेले. पाव त्यांचा, बटाटा त्यांचा, काजू, पपई, अननस त्यांचे. शिवणाच्या पेटीतली फीत त्यांची, आणि बटणाचे काज तेही ‘कासा’ या घर अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आले असे सांगतात. बटणाचे घर! हा शब्द ज्याने प्रथम वापरला तो गृहस्थ घरवेडा असला पाहिजे.

एकतीस वर्षांपूर्वी लग्न होऊन मी आदिलाबादेस आले. यजमान एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात फिटर होते. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा संपून हा मुलूख लागतो, पण काळी माती तीच, पऱ्हाटी तीच, आणि बाजारात मराठीही तीच. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे याच जिल्ह्याचे तालुके मराठी मुलुखाकडे गेले आणि बाकीचा जिल्हा तेलुगू राज्यात राहिला. म्हणून येथे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी आणि बंजाऱ्यांची बोली ऐकू येते. समुद्र मात्र कोठेच नाही. पहिले सहा महिने मला तेवढेच जाणवत होते.

आणि आला नाताळ. वसईस नाताळच्या आदल्या आठवड्यात घराघरातून नेवऱ्या, कलकल, दोदोल यांची गडबड असते. परंतु सर्वांत मान फुग्यांचा. मैद्यात अंडी, नारळाचे दूध, किंचित साखर आणि मीठ घालावयाचे, ताजी ताडी ओतून ते सैल पीठ हाताने खूप फेटावयाचे आणि झाकून ठेवावयाचे. पीठ दुप्पट फुगले की मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून गोळी दाबून काढावयाची व उकळत्या तेलात सोडावयाची. ती तेलात चेंडूसारखी फुगून स्वतःच कूस पालटते. आत पोकळ, बाहेर सोनेरी. असे फुगे आणि त्यासोबत सिरका-लसणाचे इंदेल.

ताडीची मला चिंता नव्हती. तेलुगू मुलुखात ताडीला, म्हणजे त्यांच्या भाषेतल्या कल्लुला, काय तोटा? थंडीच्या दिवसांत शिंदीचीही मिळते. यजमानांनी पहाटे उतरवलेली ताजी ताडी आणून दिली. मी पीठ भिजविले, झाकले, आणि गाणे गुणगुणत बसले. दोन तास झाले, चार तास झाले, पीठ जसेच्या तसे. रात्री पाहिले तर चिखलाच्या गोळ्यासारखे थंडगार पडलेले. मला वाटले, ताडीत पाणी आहे. मग वाटले, माझ्याच हाताला यश नाही. परक्या गावातला पहिला सण, घरी सासू नाही, आई नाही, आणि पीठ फुगत नाही! हसण्यासारखी गोष्ट आहे, पण त्या रात्री मी चुलीपुढे बसून रडले.

शेजारी किनवटकडच्या एक काकू राहत. माळकरी बाई, अंडे ज्यात आहे त्या भांड्याला त्या हातही लावीत नसत. रडण्याचा आवाज ऐकून त्या दारात आल्या. काय झाले म्हणून विचारले. मी सांगितले. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच पातेल्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, त्याला थंडी वाजतेय. आमचं इडलीचं पीठ तरी कुठं येतंय या दिवसांत?” त्यांनी घरातून नव्या कापसाची गोधडी आणली. “हिच्यात गुंडाळ आणि वैलाशेजारी ठेव,” म्हणाल्या आणि गेल्या.

कारण अगदी साधे होते. ताडीत जे सूक्ष्म किण्व असते ते साखर खाऊन वायू सोडते व त्या वायूने पीठ फुगते. पण त्याला ऊब लागते. वसईच्या दमट किनाऱ्यावर डिसेंबरातही ती आपोआप मिळते, म्हणून माझ्या आईने कधी तिचा विचारच केला नव्हता. आदिलाबाद हे तेलंगणातले सर्वांत थंड ठिकाणांपैकी एक. नाताळच्या सुमारास पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो. तेथे किण्व झोपी जाते. पहाटे मी गोधडी सोडली तेव्हा पिठाने पातेल्याचे झाकण वर उचलले होते.

ती गोधडी मी परत केली, पण तिला ताडीचा वास लागला होता. काकूंनी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्याच दारात आणून ठेवली. “आता ही तुझ्या देवाचीच,” म्हणाल्या. अजून आहे. खोळ मी चार वेळा बदलली.

भट्टीची गोष्ट सांगतेच आहे तर केकचेही सांगते. माझ्याकडे ओव्हन नव्हता आणि पुढे बारा वर्षे तो आला नाही. जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे वाळू, तीवर तिवई, तीवर डबा, आणि झाकणावर निखारे. वाळू हळूहळू तापते आणि उष्णता धरून ठेवते, म्हणून खालून करपत नाही. वरच्या निखाऱ्यांनी माथ्याला रंग येतो. पुढे ओव्हन घेतला तेव्हा केक अधिक समान भाजू लागला, हे खरे. पण मुलांचे मत असे की, धुराचा वास गेला. मुलांना तक्रारीसाठी काहीतरी लागतेच.

बाटली मसाल्यालाही येथे वेगळे वळण लागले. आमच्याकडे उन्हाळ्यात मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, नागकेशर, दगडफूल असे वीसपंचवीस जिन्नस वाळवून, भाजून, उखळात कुटतात आणि काळपट काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणजे उजेडाने रंग उडत नाही. वर्षभराची बेगमी. इकडचे मे महिन्याचे ऊन असे की, मिरची पाहता पाहता कडकडीत होते. काश्मिरी मिरचीच्या जागी मी वरंगळकडची चपाटा मिरची घालते. रंगाला लालभडक, तिखटाला सौम्य. माझ्या वसईच्या बहिणीने एकदा चाखून तोंड वाकडे केले. तिला काय कळते!

शिवणाकडे वळते. लग्नात आईने मला हाताने फिरवायचे शिवणयंत्र दिले होते. आम्हा मुलींना शाळेत जोगिणी शिवण शिकवीत आणि पहिला धडा काठ दुमडण्याचा असे. मी येथे आले तेव्हा आमचे देऊळ बल्लारशा येथील चांदा धर्मप्रांताखाली होते. 1999 साली आदिलाबादचा धर्मप्रांत निराळा झाला, त्याचे पीठ मंचिर्याल येथे आहे. गंमत अशी की, वसईचा धर्मप्रांतही त्याच्या आदल्याच वर्षी, 1998 साली, मुंबईपासून वेगळा निघाला होता. मात्र येथले धर्मगुरू केरळच्या परंपरेतले, उपासनेची रीत सिरो-मलबार आणि भाषा तेलुगू. पहिली काही वर्षे मला त्यातले काहीच कळत नसे. तेव्हा धर्मगुरूंनी मला वेदीची वस्त्रे सांभाळण्याचे काम दिले, आणि ती भाषा मात्र मला येत होती. मिस्सेच्या वेळी पात्राखाली अंथरण्याचा चौकोनी रुमाल तीनदा आडवा आणि तीनदा उभा आतल्या बाजूस दुमडावयाचा, म्हणजे नऊ घरे होतात आणि पवित्र भाकरीचा कण असला तर तो आतच राहतो. त्याचे पहिले धुणे गटारात जाऊ द्यावयाचे नाही, मातीला द्यावयाचे. हे वसईत आजीने शिकविले होते, येथेही तसेच होते. मुलीच्या पहिल्या ख्रिस्तशरीराचा झगा मी माझ्या लग्नाच्या पांढऱ्या साडीतून शिवला. तिला नागपूरहून आणलेला तयार, झालरींचा हवा होता. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आता तिने तो झगा स्वतः हैद्राबादेस नेऊन जपून ठेवला आहे. पण त्या दोन दिवसांबद्दल तिने कधी क्षमा मागितलेली नाही आणि मीही मागावयास लावलेली नाही.

आता जी गोष्ट मला खरोखर कठीण गेली ती सांगते. दसरा-दिवाळीपासून कापूस येऊ लागतो. बाजार समितीपुढे गाड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग लागते आणि जिनिंग यंत्रे रात्रंदिवस चालतात. आमचे नाताळ नेमके या घाईत सापडते. हंगामाचे चार महिने यजमान सकाळी सहाला जात आणि रात्री साडेदहा-अकराला येत. केसांवर, भुवयांवर सरकीचा तंतू चिकटलेला. मुले तोवर झोपलेली असत. एकदा माझा मुलगा, तेव्हा तो चौथीत होता, शाळेच्या वहीत ‘आमचे घर’ या निबंधात लिहून गेला की, आमच्या घरी आई, बहीण आणि मी असे तिघे राहतो. बाईंनी खाली लाल शाईने विचारले होते, ‘वडील?’ ती वही यजमानांनी पाहिली. ते काही बोलले नाहीत. ताट तसेच ठेवून उठले.

जेवणाआधी एकत्र प्रार्थना हा कॅथलिक घराचा कणा आहे, असे आम्हाला लहानपणी शिकविले होते. पण येथे कणाच राहिला नव्हता. शिवाय आणखी एक भीती मला वाटत होती. मुले शाळेत तेलुगू आणि इंग्रजी बोलत, देवळात तेलुगू ऐकत. मराठीतून देवाशी बोलावयाची अशी एकच जागा होती, आणि ती म्हणजे आमचे जेवणाचे पाट. ते एकत्र मांडले नाहीत तर माझी प्रार्थना माझ्याबरोबरच संपणार होती.

मी पंगत सकाळी हलविली. दुसरा उपाय नव्हता. पहाटे पाचला चौघे बसू. ज्वारीची भाकरी, रात्रीचे कालवण, कधी सुकट. मुले पेंगत, मुलगी भिंतीला टेकून डोळे मिटी. प्रभूची प्रार्थना मराठीत म्हणावयाची आणि मग प्रत्येकाने कालची एक गोष्ट बापाला सांगावयाची. शेजारपाजारचे लोक म्हणत, ही बाई पोरांना पहाटे जेवू घालते! पण चार महिने आम्ही ते चालविले आणि पुढली अकरा वर्षे, दर हंगामाला. निबंध पुन्हा लिहावयाचा प्रसंग काही आला नाही, पण मुलगा बापाला यंत्राच्या पट्ट्याविषयी प्रश्न विचारू लागला.

एका वर्षी 24 डिसेंबरला संध्याकाळी कारखान्यात कापसाच्या गंजीला आग लागली. ज्वाळा लगेच विझल्या, पण कापसाची आग कपटी असते. वरून विझली तरी गाठीच्या पोटात ती तासन्‌तास धुमसत राहते. एकेक गाठ फोडून पाहावी लागते आणि रात्रभर राखण करावी लागते. यजमानांचा निरोप आला की, मध्यरात्रीच्या मिस्सेला येता येणार नाही. फुगे तळून झाले होते, कोंबडीचे इंदेल तयार होते. (आमच्या गल्लीतल्या मुसलमान मंडळींनाही देता यावे म्हणून मी ते नेहमी कोंबडीचेच करते.) मिस्सा आटोपली, तेव्हा मी मुलांना म्हटले, चला. गोधडीत गुंडाळलेला डबा मुलाने घेतला, मुलीने कंदील घेतला, आणि आम्ही कारखान्याच्या फाटकावर गेलो.

आत चौदापंधरा माणसे होती. हमाल, दोन गोंड तरुण, एक म्हातारा बंजारा, चौकीदार. सगळ्यांचे चेहरे काजळीने सारखेच काळे झालेले. पन्नास फुगे होते, ते कसे पुरवावे कळेना. यजमानांनी हात धुतले आणि मराठीत प्रार्थना म्हटली. बाकीचे आपापल्या टोप्या, रुमाल काढून उभे राहिले, म्हाताऱ्याने हात जोडले. मग सर्वांनी खाल्ले. म्हाताऱ्याने फुगा फोडून आत पाहिले आणि विचारले, “ह्यात काय आहे?” मुलगी म्हणाली, “काही नाही, हवा.” तो म्हणाला, “मग एवढा भरल्यासारखा कसा?” त्यावर सारेच हसले. थोड्या वेळाने कोपऱ्यातल्या एका गाठीतून धूर निघाला आणि माणसे हातातले फुगे तोंडात कोंबून धावली.

यजमान तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता ते दिवसभर घरीच असतात आणि स्वयंपाकघरात नको तितके लक्ष घालतात. मुलाचे लग्न झाले. सून करीमनगरकडची, तेलुगू. मराठी ती शिकते आहे. गेल्या नाताळात तिने मला न विचारता ताडीऐवजी बाजारचे यीस्ट घातले. फुगे उत्तम फुगले, हे कबूल केले पाहिजे. वासात मला फरक वाटला, पण मी बोलले नाही. पीठ मात्र तिने त्याच गोधडीत गुंडाळून ठेवले होते. पाचाला उठून पंगत मांडण्याचे आता काही कारण उरलेले नाही. तरी हंगाम सुरू झाला की, यजमानांना पहाटे आपोआप जाग येते, आणि मग मलाही चहा ठेवावाच लागतो.