विभक्त दांपत्य आणि सामाईक घर

विवाह विसर्जित झाला, तरी दोघांच्या नावे काढलेले गृहकर्ज न्यायालयाच्या हुकूमनाम्याने आपोआप विभागले जात नाही. कारण करार बँकेशी झालेला असतो, आणि बँकेने लेखी मुक्त करीपर्यंत दोघेही संपूर्ण रकमेस जबाबदार राहतात. समजा, घराची बाजारकिंमत 80 लाख रुपये असून 30 लाखांचे कर्ज शिल्लक आहे. तर समान वाटणीत निघून जाणाऱ्याचा हिस्सा 40 लाखांचा नव्हे, बोजा वजा जाता उरलेल्या 50 लाखांचा निम्मा, म्हणजे 25 लाखांचा होतो. आणि घर राखू इच्छिणाऱ्या व्यक्तीस, अनेकदा मुलांसह मागे राहिलेल्या मातेस, जुने 30 आणि नवे 25 असे 55 लाखांचे ऋण केवळ स्वतःच्या प्राप्तीवर फेडता येईल काय, हे बँक प्रथम तपासते. ही कसोटी मला फार कठोर वाटते. म्हणूनच परस्परसंमतीच्या अटी न्यायालयात दाखल करण्यापूर्वी बँकेची लेखी मंजुरी हाती असावी, असे मी कळकळीने सांगतो. पुढे हक्कसोडपत्र, योग्य ते मुद्रांक शुल्क भरून, 1908 च्या नोंदणी कायद्यान्वये दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे, आणि गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरीही नाव बदलून घ्यावे.