कॉलेजची फी, सरकारची मदत आणि घरातले कागद

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



अध्यक्षसाहेबांनी मला आधीच बजावले आहे की, शिक्षणाचे महत्त्व सांगत बसू नका, ते आता सर्वांना पटलेले आहे. फी कशी भरायची तेवढे सांगा. मी तेच सांगणार आहे.

फळांचा गाडा लावणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. त्यांच्या मुलीला शासनाच्या प्रवेश फेरीतून, स्वतःच्या गुणांवर, फार्मसीला प्रवेश मिळाला होता. कॉलेजात फीचा आकडा ऐकून ते तसेच माघारी फिरले आणि मुलीचे नाव गावातच बी.ए.ला घातले. मला म्हणाले, "साहेब, आपल्यासाठी सरकारात कुठे काय असते?" मी त्यांच्या वडिलांचा शाळेचा दाखला मागितला. त्यावर स्वच्छ अक्षरात 'बागवान' असे लिहिलेले होते. म्हणजे ती मुलगी इतर मागासवर्गात मोडत होती आणि २०२४-२५ पासून तिच्यासारख्या मुलीची शिक्षण फी व परीक्षा फी शासन पूर्ण देते. पण तोपर्यंत प्रवेशाची मुदत टळून गेली होती. पैसा नव्हता म्हणून ती मुलगी अडली नाही, कागद काढलेले नव्हते म्हणून अडली.

पालकहो, ही मदत म्हणजे खैरात नव्हे आणि ती मागण्यात कमीपणाही नाही. आपल्या राज्यात आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना फी माफीची सवलत यशवंतराव चव्हाणांच्या काळापासून आहे. जुनी मंडळी तिला 'ई.बी.सी.' म्हणून ओळखतात. आज त्या योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. याच शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुसलमान मुलांसाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि स्वतः तिचे अध्यक्षपद घेतले. त्या नावाची योजना आपल्यासाठी नाही असे आपणच ठरवून टाकावे, याला काय म्हणावे!

आता व्यवहाराचे. मदतीचे दोन भाग असतात, ते मनात वेगळे ठेवा. एक फीचा आणि दुसरा राहण्या-जेवण्याचा, म्हणजे निर्वाह भत्त्याचा. सच्चर समितीच्या अहवालानंतर केंद्र सरकारने २००७-०८ मध्ये अल्पसंख्याकांच्या व्यावसायिक शिक्षणासाठी शिष्यवृत्ती काढली. तिच्यात फीसाठी वर्षाला २०,००० रुपयांपर्यंत, आणि त्याशिवाय वसतिगृहात राहणाऱ्याला १०,००० व घरून जाणाऱ्याला ५,००० असा हिशेब होता. राज्याच्या योजनांतही हीच विभागणी आहे. शाहू महाराजांच्या योजनेतून फीचा वाटा मिळतो. त्यासाठी कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवे, आणि एका घरातील दोनच अपत्यांना तो लाभ मिळतो. राहण्याचा खर्च त्यात येत नाही. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणी झालेल्या मजुरांच्या मुलांनी तिच्याकडे अवश्य पाहावे. अल्पसंख्याकांसाठी राज्याची स्वतंत्र शिष्यवृत्तीही आहे. मात्र एकाच फीसाठी दोन ठिकाणी हात पसरता येत नाही. जी जास्त लाभाची असेल ती एक निवडा. आणि जिमखाना, डिपॉझिट असल्या किरकोळ बाबी बहुधा आपल्याच खिशातून जातात, हे धरून चाला.

योजना बंदही होतात. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली. तेव्हा शेजाऱ्याच्या मुलाला मिळाली होती एवढ्यावर विसंबू नका. 'महाडीबीटी' या शासनाच्या संकेतस्थळावर यंदाची यादी पाहा. अर्जही तेथेच भरायचा असतो.

खरी अडचण नावाची आहे, आणि ती आपल्याच घरात तयार होते. शाळेच्या दाखल्यावर 'शेख आयेशा मोहम्मद युसुफ', आधारवर 'आयेशा युसुफ शेख' आणि बँकेत 'आयशाबी'. आपल्याला ही एकच मुलगी दिसते, संगणकाला तीन दिसतात. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, म्हणून तीनही ठिकाणचे नाव एक करा. हे काम दहावीतच उरकावे. बारावीच्या निकालानंतर तहसील कचेरीत किती गर्दी असते, ते सांगायला नको.

दुसरे, जातीचे. आपल्या दाखल्यांवर जातीच्या रकान्यात नुसते 'मुस्लिम' लिहिलेले असते. पण अत्तार, तांबोळी, बागवान, मोमीन, पिंजारी, मणियार यांसारख्या बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. वडिलांच्या दाखल्यात तो नसेल तर आजोबांच्या, चुलत आजोबांच्या दाखल्यात शोधा. जुन्या शाळेचे रजिस्टर पाहा, पेटीतले खरेदीखत बाहेर काढा. जातीचा दाखला, मग पडताळणी, मग नॉन-क्रिमीलेअर, या तिन्हींना मिळून कित्येक महिने जातात. जे या यादीत बसत नाहीत, त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. तो मात्र दरवर्षी नवा घ्यावा लागतो.

आता एक सूचना संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना. शासनाचा पैसा हप्त्याहप्त्याने येतो आणि उशिरा येतो, कधी वर्ष संपता संपता. खोलीचे भाडे आणि खानावळीचे बिल काही तोवर थांबत नाही. आपली पुष्कळ मुले पहिल्या सहा महिन्यांतच शिक्षण सोडतात, ती यामुळेच. संस्थेने बक्षीस समारंभावरचा थोडा खर्च कमी करून अशा मुलांसाठी कर्जे-हसनाचा निधी काढावा. भत्ता खात्यात पडला की मुलाने रक्कम परत करायची आणि ती पुढच्याला द्यायची. कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत हा विषय घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

त्या फळवाल्या गृहस्थांची मुलगी आता पुन्हा प्रवेश परीक्षेला बसते आहे. जातीचा दाखला हाती आला आहे, पडताळणीचे प्रकरण समितीपुढे आहे. ज्यांच्या घरी नववी-दहावीतले मूल आहे, त्यांनी येत्या रविवारी आजोबांचा दाखला, आधार आणि बँकेचे पुस्तक घेऊन संस्थेच्या कार्यालयात यावे. मी दहा वाजल्यापासून तेथे बसलेला असेन.