पाणीवापर संस्थेत आवाज कुणाचा?

येलदरीचं धरण पूर्णा नदीवर आहे.
हे पाणी खाली सिद्धेश्वर धरणात येतं.
तिथून कालव्यानं हिंगोली, परभणी, नांदेडच्या शिवारात जातं.

पण कालव्याच्या चारीवर पाण्याची पाळी कशी लावायची?
हे शेतकऱ्यांनीच ठरवावं,
म्हणून महाराष्ट्रात २००५ साली कायदा झाला.
त्यातून शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना अधिकार मिळाले.

आता प्रश्न असा,
संस्थेत सगळ्यांचा आवाज आहे का?

चारीच्या तोंडाशी ऊस डोलत असतो.
शेवटच्या शेतात मात्र गहू ओंबीवर येतो,
आणि चारी कोरडी असते.

म्हणूनच कायदा सांगतो,
संचालक मंडळात तिन्ही भागांचे शेतकरी हवेत.
वरचे, मधले आणि शेवटचे.
तिघांना सारख्या जागा.

आणखी एक गोष्ट.
रात्री पाणी धरायला बाईही जाते.
पण सातबारावर तिचं नाव नसेल,
तर सभासद यादीतही ते येत नाही.
नवऱ्याच्या संमतीनं सातबारावर पत्नीचं नाव लावता येतं.
त्यासाठी शासनाची लक्ष्मी मुक्ती योजना आहे.
तलाठ्याकडे चौकशी करा.

पुन्हा सांगतो.
कायद्यानं जागा दिली आहे.
पण संस्थेच्या सभेला कुणी गेलंच नाही,
तर ती जागा रिकामीच राहते.

शेतकरी बंधूंनो, भगिनींनो,
पुढच्या सभेची तारीख आजच विचारा.
शेवटच्या शेतातल्या शेजाऱ्यालाही सोबत न्या.