शाळेतील सामाईक संगणक
(व्याख्यानाचा मजकूर)



देवस्थानची पालखी, समया, उत्सवाची भांडी ही कोणा एका कुटुंबाची नसतात. म्हणूनच सेवेला पाळी असते, आणि पाळी संपली की सारे स्वच्छ करून पुढच्याच्या स्वाधीन करण्याचा दंडक असतो. शाळेच्या वर्गातील संगणकाकडेही याच दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.

भारतीय शाळांत १९८४-८५ साली ‘क्लास’ या शासकीय प्रकल्पाद्वारे ‘बीबीसी मायक्रो’ ही ब्रिटिश यंत्रे आली. तेव्हा संगणक हाच अभ्यासाचा विषय होता. आज तो इतिहासापासून गणितापर्यंत सर्व विषयांचे साधन झाला आहे. मात्र यंत्र एक आणि मुले अनेक, ही अडचण कित्येक शाळांत कायम आहे.

यंत्र सर्वांसमोर ठेवल्याने ते सर्वांचे होते काय? बंगळूर येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रातील उदय सिंग पवार, जोयोजीत पाल व केंटारो टोयामा यांनी ग्रामीण शाळांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला. एका संगणकाभोवती अनेक मुले दाटीने बसत. पण माऊस एखाद्याच धीट मुलाच्या हाती राही आणि बाकीची नुसती पाहत. २००६ साली या संशोधकांनी एकाच संगणकाला अनेक माऊस जोडून प्रत्येक मुलाला पडद्यावर वेगळ्या रंगाचा बाण दिला. पुढील वर्षीच्या प्रयोगाने आणखी एक गोष्ट दाखविली. ज्या खेळात चढाओढ होती, तेथे मुले विचार न करता बटणे दाबीत. जेथे सर्वांचे एकमत झाल्याखेरीज पुढे जाता येत नसे, तेथे ती एकमेकांशी बोलत आणि अधिक शिकत. तात्पर्य, केवळ साधने वाढवून भागत नाही. वाटून घेण्याची रीतही घालून द्यावी लागते.

ही रीत अवघड नाही. वर्गात गट पाडावेत आणि ठरावीक वेळाने माऊस पुढच्याच्या हाती जावा. गटाने प्रकल्प सादर करताना एकाने चित्रे जमवावीत, दुसऱ्याने मजकूर लिहावा. परंतु वर्गासमोर प्रत्येकाने थोडे तरी बोलावे. मागच्या बाकावर अबोल बसणाऱ्या मुलीलाही त्या दिवशी आपला आवाज गवसतो.

शिक्षकांनीही काही पथ्ये पाळावीत. पडद्यावरील अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता यावे. एका पानावर एकच मुद्दा असावा. पडद्यावरचे वाचून दाखविणे म्हणजे शिकविणे नव्हे. घरी जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये तयार केलेला मराठी धडा वर्गातील यंत्रावर उघडताच अगम्य चिन्हांची रांगोळी होते. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच असावा. आपले काम आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावे, त्याची एक प्रत बाहेर जपावी आणि दुसऱ्याचे काम पुसू नये. तास संपताच आपले खाते बंद करावे आणि काही बिघडले असल्यास नोंदवहीत लिहावे. वीज गेली तर खडू-फळा आहेच. ज्याचा पाठ तयार आहे, त्याचे काही अडत नाही.

दात्यांनाही एक विनंती करणे उचित ठरेल. संगणक अर्पण करण्याचा समारंभ एका दिवसाचा असतो. दुरुस्ती आणि शिक्षकांचे प्रशिक्षण मात्र वर्षानुवर्षे लागते. समई दिली आणि तेलाची तजवीज केली नाही, तर गाभाऱ्यात उजेड कसा पडणार?

सामाईक वस्तू जपून वापरणे आणि आपली पाळी संपताच आनंदाने बाजूला होणे, हा संस्कार महाजन घराण्यांना नवा नाही. यंत्रे जुनी होतील, बदलतील. परंतु जो विद्यार्थी माऊस आपणहून शेजाऱ्याच्या हाती देतो, त्याचे शिक्षण सार्थकी लागले असे समजावे.