सीमेवरचे झिरकपूर



अंबाल्याहून चंदीगडला जाताना वाटेत लागणाऱ्या झिरकपूरचा इतिहास म्हणजे बदलत्या सीमांची कथा आहे. 1947 च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाबसाठी चंदीगड ही नवी राजधानी वसवावी लागली. 1 नोव्हेंबर 1966 रोजी भाषेच्या आधारे पंजाबची पुनर्रचना झाली. हरियाणा वेगळा झाला, चंदीगड केंद्रशासित झाले आणि झिरकपूर पंजाबातच राहिले. एका अंगाला चंदीगड, दुसऱ्या अंगाला हरियाणातील पंचकुला. जागचे न हलता हे गाव सीमेवरचे झाले. 2006 मध्ये त्याचा जिल्हाही बदलला.

मराठी माणसाला ही कथा परकी नाही. बरोबर दहा वर्षे आधी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. चंदीगडवरील पंजाब-हरियाणाचा दावा आणि बेळगावचा प्रश्न, दोन्ही आजही अनिर्णित आहेत.

सीमारेषा राज्यकारभाराची भाषा ठरवते. घरातील भाषा मात्र आईवडील ठरवतात. आपल्या पाल्याला मराठी शाळेत घालणाऱ्या प्रत्येक पालकाने तो निर्णय स्वतः घेतलेला असतो. शाळेची साठ वर्षांची वाटचाल अशाच निर्णयांच्या बळावर झाली आहे, आणि पुढची वाटचालही त्यांवरच अवलंबून आहे.