माधवीभाभीचं लोणचं, अब्दुलची चूल

काही पदार्थ असे असतात, की ते कोणी कधी चाखलेले नसतात, पण त्यांची चव मात्र सगळ्यांना ठाऊक असते. गोकुळधाम सोसायटीतल्या माधवीभाभीचं लोणचं हा त्यातलाच एक. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' ही मालिका २८ जुलै २००८ रोजी सुरू झाली. त्या सोसायटीचे सेक्रेटरी आत्माराम तुकाराम भिडे शिकवण्या घेतात आणि त्यांची पत्नी माधवी घरातून लोणची-पापडांचा धंदा करते. तिच्या एखाद्या ऑर्डरवरून आठवडाभराचं कथानक उभं राहतं. पनवेलजवळच्या आमच्या कोनमध्ये, आमच्या इमारतीत पापड विकणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना सगळे 'माधवीभाभी' म्हणतात. खरं तर त्यांचे पापड भिडेबाईंच्या पापडांपेक्षा जुने आहेत, पण आता मूळ कोण आणि नक्कल कोण, हे सांगणं अवघड झालं आहे.

विनोदी मालिकांतल्या अशा खोट्या पदार्थांविषयी आज थोडं बोलावं म्हणतो. कवी माणसाला खोट्या गोष्टींचं अगत्य जरा जास्तच असतं.

माधवीभाभीचं लोणचं खोटं असलं, तरी त्याच्या मागची बाई खोटी नाही. ही मालिका ज्यावर बेतली, ते तारक मेहता यांचं सदर 'चित्रलेखा' या गुजराती साप्ताहिकात १९७१ साली सुरू झालं. मुंबईच्या मध्यमवर्गीय शेजाराची नस त्यांना नेमकी सापडली होती. आणि त्या शेजारात घरबसल्या चार पैसे मिळवणारी बाई होतीच. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन एका गच्चीवर पापड लाटायला घेतले. त्यातून 'लिज्जत पापड' उभा राहिला. उडदाचं पीठ, लाट्या, गच्चीवरचं ऊन, हिशेबाची वही हे सगळं आपण घरोघरी पाहिलेलं असतं. म्हणून पडद्यावर बरणी दिसली, की आत काय आहे ते आपली जीभच सांगते. पुढे 'होणार सून मी ह्या घरची' या मराठी मालिकेत 'गोखले गृहउद्योग' आला, तोही याच मुळावर. ती मालिका २०१३ ते २०१६ अशी चालली. तिथेही प्रेक्षकाला तो उद्योग कुठेतरी खरोखर असावा असं वाटायचं.

विनोदी मालिकेत अन्न पोट भरायला नसतं, माणूस ओळखायला असतं. २००२ साली आलेल्या 'खिचडी'मधली हंसा आल्यागेल्याला जेवून जायचा आग्रह करते. स्वयंपाकाशी तिचा संबंध किती, ते प्रेक्षकाला पक्कं माहीत असतं. तिचं जेवण कधी शिजतच नाही आणि म्हणूनच ते लक्षात राहतं. जेठालालची जिलबी-फाफडा ही तर खरी न्याहारी, पण आता ती जेठालालच्या नावाने ओळखली जाते. एखाद्या कवितेतली ओळ बोलण्यात रुळते आणि कवीचं नाव गळून पडतं, तसं इथे उलट झालं आहे. पदार्थ जुना आणि नाव नवं.

परदेशात हे प्रकरण फारच पुढे गेलं. 'द सिम्पसन्स' ही अमेरिकन व्यंगचित्रमालिका १९८९पासून चालू आहे. तिच्यात 'क्विक-ई-मार्ट' नावाचं काल्पनिक दुकान आहे. २००७ साली या मालिकेवरचा चित्रपट आला, तेव्हा एका खऱ्या दुकानसाखळीने आपली डझनभर दुकानं रंगवून 'क्विक-ई-मार्ट' केली. मालिकेतला खोटा कोला आणि खोटी न्याहारीची पाकिटं तिथे खऱ्या पैशांना विकली गेली आणि लोकांनी रांगा लावल्या.

या दुकानाचा मालक आपला माणूस आहे. अपू नावाचा भारतीय. गंमत अशी, की त्याला आवाज देणारा नट भारतीय नव्हता. हँक अझारिया त्याचं नाव. भारतीय वंशाचे विनोदकार हरी कोंडाबोलू यांनी २०१७ साली एका माहितीपटातून विचारलं, की आमच्या आईबापांच्या बोलण्याला हसत हसत आम्ही मोठं व्हायचं का? त्यावर पुष्कळ वाद झाला. अखेर २०२० साली अझारियाने यापुढे अपूला आवाज देणार नाही, असं जाहीर केलं. गल्ल्यावर बसलेल्या माणसाकडून जग सगळं विकत घेतं, पण त्याच्या घरात डोकावत नाही. मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग महत्त्वाचा वाटतो.

कारण गोकुळधामलाही एक दुकान आहे. ते अब्दुलचं. शरद सांकला या नटाने तो फार गोड उभा केला आहे. रात्री सगळे पुरुष त्याच्या दुकानापुढे जमतात, सोडा पितात, सुखदुःख बोलतात. अब्दुल सगळ्यांच्या मदतीला धावतो. मालिकेने त्याला प्रेमाने वागवलं, यात शंका नाही, आणि एक मुसलमान माणूस रोज रात्री घराघरांत हसतमुखाने दिसतो, याचं मोल मी कमी मानत नाही. पण मी पाहिलेल्या भागांत अब्दुलच्या घरात काय शिजतं, ते मला एकदाही कळलं नाही. माधवीचं लोणचं आहे, जेठालालचा फाफडा आहे. अब्दुलच्या वाट्याला सोडा. सोड्याला ना वास, ना चव, नुसते बुडबुडे.

तुम्ही म्हणाल, करमणुकीच्या मालिकेत एवढं काय शोधायचं? शोधतो, कारण वासाचा प्रश्न पडद्याबाहेरचा आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही नवराबायको एका सोसायटीत घर बघायला गेलो होतो. बोलणं छान चाललं होतं. मी नाव सांगितलं, तसे तिथले सेक्रेटरी जरा थांबले. मग म्हणाले, ''आमच्याकडे वासाचा प्रश्न येतो हो.'' माझी पत्नी म्हणाली, ''आमच्या घरी काय शिजतं, ते तुम्ही विचारलंच नाहीत.'' त्यांनी खरंच विचारलं नाही. विचारलं असतं, तर ती सांगायला तयार होती.

आज तुम्हाला सांगतो. आम्ही कोकणी मुसलमान. घरात बोलतो ती मराठीच, कोकणच्या वळणाची. आमच्याकडे तांदळाची भाकरी असते, कोळंबीचं कालवण असतं, सुक्या बोंबलाची चटणी असते. सणाला नारळाच्या रसातली सांदणं असतात. उन्हाळ्यात कैरीचं लोणचंही पडतं. शेजारच्या हिंदू घरातल्या लोणच्यात आणि आमच्यात फरक काढायचाच, तर लसणाचा निघेल. यातलं निम्मं ताट तुमच्या घरी कालपरवा झालेलं असेल. पण पडद्यावर मुसलमानाच्या हातात ईदच्या शीरखुर्म्याची वाटी तेवढी दिसते. शीरखुर्मा मलाही आवडतो. पण वर्षाचे उरलेले दिवस आम्हीही जेवतोच की.

तेव्हा मालिकेच्या लेखकांना एक भाग सुचवतो. मानधन नको. पावसाळी रात्र आहे. गोकुळधामचा गॅस बंद पडला आहे, हॉटेलांचे रस्ते पाण्याखाली आहेत. सगळी सोसायटी सोड्यासाठी म्हणून अब्दुलकडे येते आणि तो सगळ्यांना घरी घेऊन जातो. चुलीवर सांदणं वाफवलेली आहेत. भिडेमास्तर दारात घुटमळतात. माधवी मागून लोणच्याची बरणी घेऊन येते आणि त्यांना आत ढकलते. जेठालाल पहिला घास घेतो, डोळे मिटतो आणि आणखी दोन सांदणं ताटात वाढून घेतो. सेक्रेटरीसाहेब अजून पहिल्याच सांदणाकडे बघत बसलेले असतात. आणि अब्दुल त्यांना विचारतो, ''भिडेभाई, वासाचा काही त्रास तर नाही ना?''